ताई, हॅम्बर्गची गोधडी पोचली

प्रिय ताई,

परवा हॅम्बर्गहून निरोप आला. पाळण्यातली गोधडी पोचली आणि दारात एक सेंटही भरावा लागला नाही. तुम्हाला फोन लावणार होते, पण बोलताना मला रडू येतं. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे. घरून परदेशी माल पाठवणाऱ्या इतर जणींच्याही कामी येईल.

गेल्या वर्षी जर्मनीतूनच एक गोधडी परत आली होती. त्या बाईंनी ऑर्डर देतानाच १९ टक्के व्हॅट, म्हणजे तिकडचा विक्रीवरचा कर, भरला होता, आणि दारात तोच कर पुन्हा मागितला गेला. त्यांनी पार्सल नाकारलं. खोकं साताऱ्यात परत आलं, तेव्हा शिवणाऱ्या मावशींना काय सांगावं ते सुचेना. पंधरा दिवस त्यांनी टाके घातले होते.

तुम्ही रविवारी दुपारी माझी बिलांची पिशवी सतरंजीवर ओतलीत आणि चूक शोधून काढलीत. १५० युरोपर्यंतच्या मालाचा व्हॅट विक्रीचं संकेतस्थळच गोळा करतं आणि आपल्याला आयओएसएस क्रमांक, म्हणजे युरोपीय संघाचा कर आधीच घेतल्याची खूण, देतं. मी तो पोस्टात कधी दिलाच नव्हता. मग तिकडच्या कस्टमला कर भरल्याचं कळणार कसं? आता बुकिंगच्या ऑनलाइन माहितीत तो क्रमांक भरल्याशिवाय मी काउंटरवरून हलत नाही. मोठी गोधडी १५० युरोंच्या वर जाते. तिचा कर गिऱ्हाइकालाच तिकडे भरावा लागतो, हे आता ऑर्डरआधीच कळवते. ब्रिटनसाठी मर्यादा १३५ पौंडांची. तिथल्या ऑर्डरी संकेतस्थळामार्फतच घ्या, स्वतः थेट विकलंत तर तिथे व्हॅटची नोंदणी करावी लागेल, हेही तुम्हीच बजावलंत.

एका गिऱ्हाइकाने पार्सलवर ‘गिफ्ट’ लिहायला सुचवलं होतं. तुम्ही म्हणालात, विकलेली वस्तू भेट नसते, खोटं लिहायचं नाही. बरं झालं, वेळेवर थांबवलंत.

पण माझे सगळ्यात जास्त पैसे वाचले ते एलयूटीमुळे, म्हणजे जीएसटी न भरता निर्यात करू देणाऱ्या हमीपत्रामुळे. निर्यातीवर जीएसटी शून्य दराने असतो, तरी मी दर ऑर्डरीमागे पदरचा कर भरत होते. हमीपत्र फुकट भरता येतं, दर आर्थिक वर्षाला नव्याने भरावं लागतं, एवढंही मला कोणी सांगितलं नव्हतं. साक्षीदार दोन लागतात म्हटल्यावर तुमच्या आईंनी आतून विचारलं, “माझं नाव चालेल का?” आधी भरलेल्या करापैकी ज्या पार्सलांची निर्यातीची कागदपत्रं नीट होती आणि दोन वर्षांची मुदत उलटली नव्हती, तेवढ्यांचा परतावा मिळाला. त्यातून मावशींची थकलेली मजुरी चुकती केली.

अमेरिकेची ८०० डॉलरपर्यंतची करमाफी २९ ऑगस्ट २०२५ ला उठली, तेव्हा न्यू जर्सीची ऑर्डर थांबवायला तुम्ही आपणहून फोन केलात. माझी ऑर्डर तुमच्या लक्षात होती, ताई.

फी विचारली की तुम्ही विषय बदलता. म्हणून आईंकडून त्यांची दोन जुनी लुगडी गुपचूप मागून आणली आहेत. मावशी शिवायला बसल्यात. मार्चअखेर एलयूटी भरायला येईन, तेव्हा गोधडी घेऊनच येते.

तुमची,
गोधडीवाली
सातारा