पहिली भाकरी

पुणे, रविवार रात्र

प्रिय आई-बाबा,
सप्रेम सलाम.

फोनवर रोज बोलणं होतं, पण हे फोनवर सांगायला जमेना, म्हणून लिहायला बसले.

खालच्या मजल्यावरच्या काकूंबद्दल मागे बोलले होते. त्यांचा साखरेचा आजार जुना, पाय बधिर झालेले, वाकता येत नाही. दर रविवारी उपासनेहून आले की मी त्यांचे पाय धुते. आधी पाण्यात कोपर बुडवून बघायचं, कारण पाणी कढत असलं तरी त्यांना कळत नाही. धुऊन झाले की बोटांच्या बेचक्यांतलं पाणी मऊ पंच्यानं टिपायचं, तिथे ओल राहिली की कातडी फुटते. खोबरेल टाचांना लावायचं, बेचक्यांत नाही. नखं सरळ कापायची. मग तळवे उजेडात धरून नीट बघायचे. गेल्या महिन्यात टाचेत काचेचा कण सापडला. किती दिवस तशाच चालत होत्या, कोण जाणे!

खरं सांगते, सुरुवातीला मी हे उतराई व्हायला करत होते. देवानं आपल्याला एवढं दिलं, आता आपण फेडायचं. एकदा काकू म्हणाल्या, ‘आज उशीर केलास.’ मला इतकं लागलं! एवढं करूनही एक शब्द आभाराचा नाही, असं वाटलं आणि त्या दिवशी मी घाईघाईनं उरकलं.

त्या रात्री बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा सतरावा अध्याय काढला. प्रभू येशूनं दहा कुष्ठरोगी बरे केले, आभार मानायला परत आला एकच, तोही शोमरोनी, म्हणजे यहुद्यांनी परका मानलेला. बाबा, ‘ते नऊ जण कोठे आहेत?’ हे तुम्ही आम्हाला किती वेळा विचारलंत! पण या वेळी मला वेगळंच दिसलं. परत न आलेल्या नऊ जणांचं बरं होणं प्रभूनं काढून घेतलं नाही. मग मी काकूंकडून कसली वसुली करत होते?

आणि पणजी आठवली. १८९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून केडगावच्या आपल्या आश्रमात ज्या मुली आणल्या, त्यांतली एक. पोट खपाटीला गेलेलं पोर. त्या मुलीला तिथे कोणी जेवायला घालताना ‘हे तू कसं फेडशील?’ असं विचारलं नाही. बाबा, तुम्हीच सांगायचात, ती म्हातारपणीही पहिली भाकरी दारात येईल त्याच्यासाठी काढून ठेवायची आणि आधी डोळे मिटून आभार मानायची. आई, तूही तशीच पहिली भाकरी काढतेस. पंचवीस वर्षं मी ती दुरडीत बघितली, पण तुला कधी विचारलं नाही.

आता काकूंकडे जाताना मन हलकं असतं. उशीर झाला तर त्या रागावतात, मी ऐकून घेते. वाट बघत असतात म्हणूनच रागावतात ना.

आई, तुझीही साखर वाढलीय असं दादा म्हणाला. बाबा, रोज रात्री तिचे तळवे बघत जा, अनवाणी अंगणात जाऊ देऊ नका. नाताळला मी येतेय. माळ्यावरचं घंगाळ काढून ठेवा. आई, तुझे पाय मी धुणार आहे, प्रभू पाय धुवायला आला तेव्हा त्याचा शिष्य पेत्र म्हणाला तसं ‘नको नको’ म्हणू नकोस.

तुमची,
ताई