फीडचा क्रम परस्पर बदलला जात असल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : ‘नवीन आधी’ ही निवड न टिकणे आणि जुन्या पोस्ट ताज्यासारख्या वर येणे

महोदय,

मी आपले अ‍ॅप गेली नऊ वर्षे वापरत आहे. याच विषयावर मी अ‍ॅपमधूनच दोन वेळा तक्रार नोंदवली. दोन्ही वेळा शब्दही न बदलता एकच उत्तर आले, की फीड माझ्या आवडीनुसार तयार केले जाते. माझी तक्रार नेमकी त्याबद्दलच असल्यामुळे हे सविस्तर पत्र लिहीत आहे.

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी अ‍ॅप उघडले, तेव्हा सर्वांत वर माझ्या शाळेतल्या मैत्रिणीचा फोटो होता. सहलीचा, ती आणि तिची आई पाण्यात पाय सोडून बसलेल्या. मी लगेच त्याखाली थट्टेची एक ओळ लिहिली आणि हसणारे दोन चेहरे टाकले. तो फोटो तीन महिन्यांपूर्वीचा होता, आणि तिची आई आदल्या दिवशीच गेली होती. तिने ती बातमी शनिवारी रात्री लिहिली होती. मला ती सहा दिवसांनी दिसली, बुटांची जाहिरात आणि अनोळखी माणसाचा नाचाचा व्हिडिओ यांच्या मधोमध. तोवर माझे ते हसणारे चेहरे तिथे तसेच होते. मी फोन करून तिची क्षमा मागितली आणि तिने मन मोठे करून ती दिली. परंतु त्या दिवसांत तिला माझी वाट पाहावी लागली, हे काही भरून येण्यासारखे नाही.

तारीख पाहायला हवी होती, असे आपण म्हणाल. मी नंतर मुद्दाम पाहिली. नावाखाली, फिकट राखाडी रंगात, बोटाच्या पेरापेक्षा लहान अक्षरांत ती आहे. जाहिरातीतले ‘आता खरेदी करा’ हे बटण मात्र चष्म्याशिवाय वाचता येते.

आपल्या अ‍ॅपमध्ये ‘नवीन आधी’ हा पर्याय आहे, हे मला ठाऊक आहे. तो सेटिंगमध्ये चौथ्या पानावर आहे, मी तो निवडतेही. पण अ‍ॅप बंद करून पुन्हा उघडले, की फीड पूर्ववत आपल्या क्रमावर गेलेले असते. सूचनांचा आवाज मी एकदा बंद केला तो आजतागायत बंदच आहे, भाषा एकदा मराठी निवडली ती मराठीच आहे. मग हीच एक निवड अ‍ॅपच्या लक्षात का राहत नाही? वापरणाऱ्याला नको त्या वाटेने नेणाऱ्या अशा रचनांना संकेतस्थळे व अ‍ॅपची रचना करणारे ब्रिटिश डिझायनर हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० साली ‘डार्क पॅटर्न’ असे नाव दिले. आपल्या पर्यायाला मी तेच नाव देते, आणि ते रागाच्या भरात नव्हे.

क्रम बदलण्याची ही पद्धत आपण शोधलेली नाही, हे मान्य. ट्विटर आणि इन्स्टाग्राम यांनीही २०१६ साली निव्वळ वेळेनुसार लागणारे फीड सोडले, आणि इन्स्टाग्रामने २०२२ साली कालक्रमाचा पर्याय पुन्हा दिला. युरोपीय संघाच्या २०२२ च्या डिजिटल सेवा कायद्यानुसार तेथील साडेचार कोटी वा अधिक वापरकर्ते असलेल्या मंचांना, माणसाच्या सवयींचा माग न काढता चालणारा किमान एक पर्याय द्यावाच लागतो. तांत्रिकदृष्ट्या हे अवघड आहे, असे म्हणायला त्यामुळे जागा उरत नाही. पोस्टची वेळ तर आपल्याकडे सेकंदापर्यंत नोंदलेली असते.

‘आवडीनुसार’ या शब्दालाही माझी हरकत आहे. एखाद्या अपघाताच्या व्हिडिओवर माझी नजर खिळली, तर ती धास्तीने खिळते. आपली यंत्रणा ते थांबणे मोजते आणि तसलेच आणखी दहा व्हिडिओ पुढे ठेवते. ज्यांची मला खरोखर काळजी आहे, ती माणसे फार लिहीत नाहीत, त्यांच्या फोटोंना शेकड्याने पसंती मिळत नाही, आणि म्हणून ती खाली खाली जातात. मी कोणाला फॉलो करते हे मी स्वतः विचार करून ठरवले आहे. माझी आवड जाणून घ्यायची असेल, तर ती यादी आपल्यासमोर आहे.

माझी मागणी एवढीच आहे, की ‘नवीन आधी’ ही निवड मी स्वतः बदलेपर्यंत कायम राहावी, ती फीडच्या वरच्या पट्टीतून करता यावी, आणि आठवड्याहून जुनी पोस्ट वर आणायचीच असेल तर तिची तारीख ठळक अक्षरांत दिसावी. या पत्राला ठरावीक मजकूर न पाठवता, ते वाचलेल्या व्यक्तीने पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावे आणि हा बदल कधीपर्यंत होईल हे कळवावे. तोपर्यंत मी सशुल्क सदस्यत्वाचे नूतनीकरण थांबवले आहे.

आपली,
एक जुनी सदस्य