कळलावीचा कंद डोंगरातच राहू द्यावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील पावसाळी रानफुलांवरचा लेख आवडीने वाचला. मात्र त्यात कळलावीच्या छायाचित्राखाली ‘बचनाग’ असे नाव छापले आहे आणि डोंगरावरून कंद खणून आणला तर हे फूल कुंडीत सहज येते, असेही म्हटले आहे. या दोन्ही गोष्टींबद्दल लिहिणे मला आवश्यक वाटते.

काही भागांत कळलावीला बचनाग म्हणतात हे खरे; परंतु वैद्यकात बचनाग म्हणजे हिमालयात उगवणारा, निळ्या-जांभळ्या फुलांचा वत्सनाभ. दोन्ही वनस्पती जहाल विषारी आहेत, पण त्यांची विषे वेगळी आहेत, तेव्हा नावाचा हा घोळ छापून पसरू नये. कळलावी ओळखायला खरे तर फुलाचीही वाट पाहावी लागत नाही. तिच्या पानाचे निमुळते टोक लांबून गुंडाळत जाते आणि शेजारच्या काटकीला विळखा घालते. वेल चढतो तो या पानांच्याच आधाराने. फूल खाली तोंड करून लोंबते, पण त्याच्या कुरळ्या कडांच्या सहा पाकळ्या उलट फिरून ज्वाळांसारख्या वर उभ्या राहतात. उमलताना हिरवट-पिवळ्या असलेल्या या पाकळ्या टोकाकडून तांबड्या होत शेवटी लालभडक होतात, त्यामुळे एकाच वेलावर तीन जातींची फुले आल्यासारखे वाटते. फूल हातात न घेता जवळून पाहिले, तर मधली कुक्षीवृंताची काडी मुळाशीच काटकोनात मोडल्यासारखी आडवी गेलेली दिसते. एवढी खूण पटली की शंका उरत नाही.

आता लागवडीविषयी. कळलावीचा कंद नांगरासारखा दुबेळक्याचा असतो, म्हणूनच संस्कृतात ती लांगली. नवा कोंब या बेळक्याच्या टोकांवरच धरतो, आणि टोके इतकी ठिसूळ असतात की दगडधोंड्यांच्या उतारावर कुदळ घातली की हमखास तुटतात. बऱ्याच वर्षांपूर्वी मीही हा उद्योग केला होता. घरी आणलेल्या कंदाची दोन्ही टोके मोडलेली निघाली आणि तो कुंडीत कुजून गेला. त्यानंतर बियांपासून रोपे केली. पावसाळा सरल्यावर बोंड वाळून तडकते आणि आतले शेंदरी बी दिसते. ते जपून ठेवून पावसाच्या तोंडावर निचऱ्याच्या मातीत पेरावे. उगवण रेंगाळते. पहिल्या वर्षी दोन-चार पानांपलीकडे मजल जात नाही, आणि फुलासाठी तीन-चार पावसाळे धीर धरावा लागतो. दिवाळीनंतर वेल वाळला की झाड मेले असे समजून कुंडी उपटू नये. कंद मातीत झोपलेला असतो. त्या काळात पाणी पूर्ण तोडावे, नाहीतर तो सडतो.

कळलावी घरात लावली की भांडणे लागतात, असा आपल्याकडे समज आहे. (नावाचा संबंध बाळंतपणाच्या कळांशीही लावतात.) या समजाने वेलाचे थोडे भलेच केले म्हणायचे, कारण औषधी व्यापारासाठी रानातले कंद खणले जातच असतात, त्यात हौशी बागवानांची भर नको. वास्तविक तमिळनाडूत, जिथे हे राज्यफूल आहे, शेतकरी बियांसाठी कळलावीची शेती करतात आणि पुंकेसर कुक्षीपासून दूर फाकलेले असल्याने परागीकरणही हाताने करतात. बी मिळवायला डोंगर खणण्याची गरज नाही, हे त्यावरून दिसतेच.

पुरवणीत दुरुस्ती छापाल तेव्हा कंद आणि बिया या दोन्हींत कोल्चिसिन हे घातक विष असते, म्हणून कुंडी लहान मुलांच्या हाती लागेल अशी ठेवू नये आणि कंद हाताळताना हातमोजे घालावेत, एवढी ओळ कृपया जोडावी. हा कंद खाण्याजोगा समजून शिजवल्याने विषबाधा झालेली आहे.

आपला नम्र,
एक वाचक, सातारा