तीन देव्हाऱ्यांची भिंत

॥ श्री ॥

लेस्टर, इंग्लंड
१० मे

ती. दादा आणि सौ. वहिनी यांना,
सा. न. वि. वि.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू "बघू गं" म्हणतोस आणि विषय आंब्याच्या पेटीवर नेतोस. पत्र टेबलावर पडून राहतं. वहिनी वाचेल, आई चष्मा शोधून वाचेल, सोसायटीच्या सेक्रेटरींनाही दाखवता येईल. म्हणून लिहायला बसले.

रविवारी व्हिडिओ कॉलवर तू ओपन किचनसाठी पाडायची ठरवलेली, स्वयंपाकघर आणि बाहेरच्या खोलीमधली भिंत दाखवलीस. कॉन्ट्रॅक्टरने बोटाने वाजवून बघितली म्हणे, "पार्टिशन आहे साहेब, चार दिवसांत उडवतो, पावसाच्या आत सगळं आवरतं." तू खूश होतास, मीही हसून फोन ठेवला. मग रात्री दोन वाजता उठून बसले, कारण ती भिंत मला चांगली माहीत आहे.

आठव. आपला देव्हारा त्या भिंतीला. खालच्या काकूंचा देव्हाराही त्याच भिंतीला, आणि वर नानांकडे त्याच जागी समई. लहानपणी गणपतीच्या आरत्यांना आपण तळमजल्यापासून तिसऱ्यापर्यंत पळायचो, तेव्हा प्रत्येक घरात पाठ टेकायला तीच भिंत असायची. एकावर एक, नेमकी. ठाण्याच्या नौपाड्यातली १९७१ सालची बिल्डिंग, तळमजला अधिक तीन, आणि कोपऱ्यात कुठेही खांब बाहेर आलेला नाही, छताखाली बीम उतरलेला नाही. स्लॅब थेट भिंतींवर बसलाय. अशा इमारतीत भिंती म्हणजेच खांब. तुझ्या मित्राचं घोडबंदर रोडवरचं टॉवरमधलं घर वेगळं. तिथे काँक्रीटचा सांगाडा उभा करून मधे विटा नंतर भरतात. तिकडचा अनुभव इकडे लावायचा नाही.

दाराच्या चौकटीपाशी वीत लावून बघ. पूर्ण वीत भरली तर नऊ इंची भिंत आहे. साध्या पार्टिशनची अर्धी वीत होते, साडेचार इंच. अर्थात साडेचार इंची निघाली म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. पन्नास वर्षांत स्लॅब थोडा वाकून अशा भिंतीवरही टेकतो, आणि ती बिचारी नेमून न दिलेलं काम करत राहते. बोटाने वाजवून काय कळतं? प्लास्टर सुटलंय का, एवढंच.

आता हिशेब. मी इंजिनिअर नाही, हे ढोबळ आहे. पण इथल्या आमच्या इंजिनिअरने वजनं कशी धरतात ते मला कागदावर शिकवलं, म्हणून आपल्या भिंतीचा मांडला. दोन्हीकडच्या खोल्या साधारण अकरा फुटी, म्हणजे प्रत्येक खोलीचा निम्मा स्लॅब या भिंतीवर येतो. भिंत दहा फूट लांब. तेव्हा दर मजल्याचं सुमारे १० चौरस मीटर ओझं तिच्यावर. पाच इंची स्लॅब, वरच्या लाद्या, माणसं, कपाटं मिळून चौरस मीटरला ६०० किलो धर. झाले ६ टन. आपण पहिल्या मजल्यावर, म्हणजे आपल्या डोक्यावर असे तीन स्लॅब आहेत, गच्चीचा धरून. १८ टन. शिवाय दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यावरची तीच भिंत, प्रत्येकी साडेचार टनांच्या आसपास. एकूण २७ टन. माणसांनी भरलेल्या जवळपास दोन टीएमटी बस समज. आणि यात गच्चीचा कोबा धरलेलाच नाही. गळती लागली की सोसायटी जुना न काढता वर नवा ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, घालते. आपल्याकडे तो किती वेळा घातला, हे बाबांना विचार.

भिंत काढली म्हणून हे वजन कुठे जात नाही. खाली लोखंडी गर्डर टाकला की ते त्याच्या दोन टोकांना जातं, प्रत्येकी साडेतेरा टन. जे दहा फुटांत पसरलेलं होतं ते वीतभर जागेवर येऊन उभं राहतं. तिथली वीट पन्नास वर्षांची. आणि माझ्या आठवणीप्रमाणे रस्त्याकडच्या टोकाच्या बरोब्बर खाली काकूंची मोठी खिडकी आहे. म्हणजे ते ओझं त्यांच्या खिडकीच्या लिंटेलवर, वरच्या आडव्या पट्टीवर, उतरणार. बाहेरच्या भिंतीला ही आडवी भिंत आतून धरून ठेवते, ते वेगळंच. भूकंपाच्या नकाशात आपलं ठाणं तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या, झोनमध्ये येतं, तिथे उंच सरळ भिंतीला असा आधार लागतो.

तू म्हणशील, "तू स्वतः तिकडे भिंत पाडून हॉल मोठा केलास आणि मला अडवतेस." पाडली, म्हणूनच तर लिहितेय.

आमचं घर १८९०च्या सुमाराचं, लाल विटांच्या ओळीतलं, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांची भिंत सामायिक. पुढची अंधारी खोली आणि मागची अंधारी खोली एक करायची होती. मनात आल्यापासून पुरं होईपर्यंत आठ महिने लागले. त्यात भिंत प्रत्यक्ष पाडायला लागली एक सकाळ.

पहिल्यांदा आला स्ट्रक्चरल इंजिनिअर. त्याने वाजवलं-बिजवलं नाही. वरच्या बेडरूममधला गालिचा उलटला, दोन फळ्या उचकटल्या आणि खालचे लाकडी वासे कोणत्या दिशेने जातात ते बॅटरीने पाहिलं. वरची भिंत नेमकी खालच्या भिंतीवर आहे का, ते मोजलं. मग माळ्यावर चढला आणि धुराड्याबद्दल खोदून खोदून विचारलं. इथे जुन्या घरांत लोक खालची शेकोटीची चौकट काढून टाकतात आणि वरचं धुराडं तसंच अधांतरी ठेवतात. आधीच्या मालकाने असं काही करून ठेवलंय का, हे त्याला बघायचं होतं. सुदैवाने ठेवलं नव्हतं.

गर्डरचं एक टोक शेजारच्या आजींच्या सामायिक भिंतीत जाणार होतं. त्यासाठी इथे १९९६ चा पार्टी वॉल कायदा आहे, दोन महिने आधी लेखी नोटीस द्यावी लागते. मी आपली बेसनाचे लाडू घेऊन गेले. आजींनी लाडू घेतले आणि कागद वकील असलेल्या मुलाला पाठवला! काम सुरू होण्याआधी त्यांच्या घरातल्या प्रत्येक चिरेचे फोटो काढले गेले, म्हणजे पुढे "ही तुमच्यामुळे पडली" असा वाद नको. मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, आपल्या काकू आणि नानांना एवढा तरी मान मिळायला हवा.

मग टेकू. हे मी रजा काढून बघितलं. वरच्या भिंतीत दर तीन फुटांवर भोक पाडून आडवे लोखंडी दांडे आरपार घातले आणि प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी स्क्रूवाले जॅक दिले. इकडची जमीन लाकडी फळ्यांची, खाली पोकळ. मिस्त्रीने फळ्या काढून जॅक पार खालच्या मातीवर, जाड फळकुटं टाकून उभे केले. म्हणाला, टेकू जमिनीला पोचला नाही तर तो टेकूच नव्हे. मगच विटा काढल्या, वरून खाली, हाताने. गर्डर मीटरला तीस किलोचा, पाच जणांनी चढवला. दोन्ही टोकांखाली काँक्रीटचा ठोकळा, म्हणजे ओझं जास्त विटांवर पसरतं. गर्डर आणि वरची भिंत यांच्यातल्या बोटभर फटीत जवळजवळ कोरडा माल ठोकून ठोकून भरला. मुठीत दाबला तर लाडू वळेल इतपतच पाणी. ओला माल सुकताना आकसतो, आणि तेवढ्यानेच वरची भिंत खाली बसून चीर पडते. तो कडक होईपर्यंत जॅकला हात लावू दिला नाही. कौन्सिलचा निरीक्षक येऊन बघेपर्यंत सगळं उघडंच ठेवलं, आणि मग आगीत लोखंड मऊ पडू नये म्हणून वर गुलाबी प्लास्टरबोर्ड. शेवटी दाखला. तो नसेल तर घर विकताना अडतं.

एवढं करूनही आमच्या डोक्यावर फक्त आमचीच एक बेडरूम होती, दादा. तुझ्या डोक्यावर दोन संसार आहेत. आणि तुझे जॅक जमिनीला पोचवायचे तर ते काकूंच्या बाहेरच्या खोलीत, त्यांच्या सोफ्याच्या जागी उभे राहायला हवेत. कॉन्ट्रॅक्टरने हे सांगितलं का? त्याला नुसतं विचार, "खाली टेकू कुठे देणार?" उत्तरावरून माणूस कळेल.

"बाजूच्या बिल्डिंगमध्ये केलं, काही झालं नाही," हे त्याचं वाक्य मी हजारदा ऐकलंय. लगेच होतच नाही. उरलेल्या विटा कमानीसारख्या एकमेकींना धरतात, स्लॅब थोडा वाकून ओझं शेजारच्या भिंतीवर टाकतो. वर्ष-दोन वर्षांनी वरच्यांची लादी फुगते, दार घासायला लागतं, आणि सगळे म्हणतात पावसाने फुगलंय. घाटकोपरला दामोदर पार्कजवळची इमारत २५ जुलै २०१७ ला पडली, १७ माणसं गेली. तळमजल्यावर नूतनीकरण चाललं होतं आणि त्यात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. आणि बी-केबिनला इमारत पडली ती ४ ऑगस्ट २०१५ ची रात्र तुला मी सांगायला नको. ती इमारत जुनी होती. १२ माणसं गेली, आपल्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. तू तेव्हा फोनवर मला म्हणाला होतास, "आपली पण त्याच वयाची आहे गं."

तेव्हा माझं म्हणणं: ही भिंत काढू नकोस. परवानगी आणून, खर्च करूनही काढू नकोस. पहिल्या मजल्यावर, वर माणसं राहत असताना, पन्नास वर्षांच्या विटांत हा खेळ करायचा नाही. महापालिकेची मंजुरी लागते, सोसायटीचं पत्र नुसतं पुरत नाही, हे आहेच. पण उद्या मंजुरी मिळाली तरी माझं मत बदलणार नाही. तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट महापालिकेच्या कायद्याने, कलम २६५-अ प्रमाणे, तसंही करावंच लागतं. आपल्या सोसायटीने शेवटचं कधी केलं ते सेक्रेटरींना विचार. अहवालात सी-१ आलं तर इमारत रिकामी करून पाडायचीच असते, मग ओपन किचनचा प्रश्नच उरत नाही. सी-२ किंवा सी-३, म्हणजे दुरुस्तीवर भागणारं, आलं तर निदान कुठे दुखतंय ते कळेल. नोंदणीकृत इंजिनिअरची फी मी पाठवते, त्यावर वाद घालू नकोस.

वहिनी, हे पुढचं तुझ्यासाठी. दादाला हॉल मोठा हवाय, पण तुला काय हवंय ते मला कळलंय. पोळ्या करताना बाबा दिसायला हवेत. मागच्या महिन्यात ते वॉकर सोडून उठले आणि पडले, तेव्हा तू भिंतीकडे तोंड करून उभी होतीस, हे तू तीनदा सांगितलंस. मग ओटा फिरवू या. सध्याचा ओटा खिडकीखाली आहे, तो बाजूच्या भिंतीला घेतला की दारातून बाबांची कॉट सरळ समोर येते. गॅसची नळी आणि सिंकचा पाइप हलवावा लागेल, विटा नाही. दार अडीच फुटी आहे, त्यात वॉकर अडकतो. ते तीन फुटी करायचंच असेल तर तेवढं इंजिनिअरला विचारा. सहा इंच वाढवायलाही नवा लिंटेल दोन्हीकडे नीट टेकवून, टेकू देऊन, त्याच्या नकाशाप्रमाणे बसवावा लागेल. तो नको म्हणाला तर दाराचं पान काढून पडदा लावा. पान आणि बिजागऱ्या गेल्या की दीड-दोन इंच तेवढ्यातच मिळतात.

मला तीन फोटो पाठवा. चौकटीपाशी वीत लावलेला, काकूंच्या खिडकीचा बाहेरून, आणि नानांनी जाऊ दिलं तर वरच्या त्याच भिंतीचा. आईला सांग, मेतकूट संपलं, कुणी येणार असेल तर पाठव. बाबांना साष्टांग नमस्कार. ते हे पत्र वाचून म्हणतील, "चिमी जास्त बोलते." म्हणू देत.

तुमची,
चिमी

ता. क. व्हिडिओत स्वयंपाकघराच्या दारावर, डाव्या कोपऱ्यातून तिरकी वर जाणारी एक चीर दिसली. तिच्यावर लांबी (पुट्टी) भरू नकोस. दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून शेजारी तारीख लिही, आणि मधे आडवी प्लास्टर ऑफ पॅरिसची पातळ टिकली लाव. टिकली तडकली तर त्या दिवशी मला फोन कर, रात्र असली तरी.