हिमबिबट्याच्या गावाहून

लेह,
फेब्रुवारीअखेर

प्रिय मिल्या,

फोन उचलल्या उचलल्या तू विचारलंस, "दिसला का?" आणि रेंज गेली. दिसला. आता बाकीचं नीट ऐक.

हेमिस राष्ट्रीय उद्यान म्हटलं की तुझ्या डोळ्यांसमोर ताडोबासारख्या जिप्सींची रांग येणार. इथे तसलं काही नाही. १९८१ साली घोषित झालेलं, साधारण ४,४०० चौरस किलोमीटरचं हे उद्यान, आणि त्याच्या पोटात माणसांची गावं, जवाची शेतं, मेंढ्यांचे कळप. आम्ही झिंगचेनहून गोठलेल्या ओढ्याच्या काठाने रुंबक गावाला चालत गेलो. घळ इतकी अरुंद की ऊन जेमतेम तासभर खाली उतरतं. झाडं म्हणशील तर पाण्याकाठी थोडे वाळुंज, बाकी सगळा उघडा डोंगर.

वाटाड्या पक्का होता. पुढे झुकलेल्या एका कातळाच्या पोटाशी नाक नेऊन त्याने मलाही हुंगायला लावलं. उग्र वास, ताजा. जानेवारी ते मार्च हा हिमबिबट्यांचा जोडीचा काळ, त्यामुळे जागोजागी मूत्राच्या फवाऱ्याच्या खुणा आणि मागच्या पायांनी उकरलेली माती. त्यात थंडीमुळे भरल (इथल्या रानटी निळ्या मेंढ्या) खाली उतरलेले असतात आणि बिबट्या त्यांच्यामागे. म्हणून हाडं गोठवणाऱ्या या दिवसांतच यायचं.

खरं सांगू? मी भरलांवरच जास्त वेळ काढला. दगडाच्याच रंगाचे, हलले नाहीत तर अख्खा कळप समोर असून दिसत नाही. सरळसोट कड्यावर टकरा घेतात आणि तोल जात नाही. वर लॅमरगायर गिधाड घिरट्या घालतं. हाड उंचावर नेऊन खडकावर टाकतं आणि फुटलेले तुकडे गिळतं.

एका दुपारी सगळ्या भरलांनी एकदम माना वळवल्या. वाटाड्याने स्कोप तिकडे फिरवला आणि पुटपुटला, "शान." म्हणजे लडाखीत हिमबिबट्या. पार पलीकडच्या धारेवर. मला आधी शेपूटच दिसलं, जवळजवळ अंगाएवढं लांब. तो उठला, आळस दिला, दोन पावलं टाकली आणि पुन्हा झोपला. अंधार पडेपर्यंत झोपलेलाच! शेजारच्या कॅमेरावाल्यांची चिडचिड बघण्यासारखी होती.

संध्याकाळी मुक्कामी आलो तर आमा-ले (घरच्या आई) बुखारीत, म्हणजे खोली गरम ठेवायच्या शेगडीत, शेण्या सारत बसल्या होत्या. बिबट्या दिसला म्हटल्यावर हसल्या, आणि मोडक्या हिंदीत जुनी गोष्ट सांगितली. एका हिवाळ्यात तो गोठ्याच्या छतातून आत उतरला. बाहेर पडायला वाट नाही आणि भोवती बिथरलेल्या मेंढ्या. दिसेल तिला मारत सुटला. वर्षाची कमाई एका रात्रीत गेली. अशा वेळी गावं त्याला दगडांनी ठेचून मारत, आणि मला त्यांना नावं ठेववत नाहीत. आता गोठ्यांवर जाळीचं छत आलंय आणि घरोघरी पाहुणे उतरतात. या शतकाच्या सुरुवातीला सुरू झालेली ही होमस्टेची पद्धत मुख्यतः बायकांच्या हातात आहे. परवाच्या देशव्यापी मोजणीत भारतात ७१८ हिमबिबटे धरले, त्यातले ४७७ लडाखमध्ये. श्रेय कायद्याचंही आहे, पण ज्यांच्या मेंढ्या जातात त्यांच्या हातात चार पैसे पडले नसते तर नुसत्या कायद्याने इथे कुणी ऐकलं असतं असं मला वाटत नाही. म्हणूनच सांगतो, बाहेरच्या कंपनीच्या तंबूत राहू नकोस.

तर पुढच्या फेब्रुवारीची रजा आत्ताच टाक. लेहला उतरल्यावर दोन दिवस गुपचूप पडून राहायचं. कळसूबाई १,६४६ मीटर, लेह ३,५०० च्या आसपास. तुझी सह्याद्रीतली मिजास विमानतळावरच उतरेल. पाण्याची बाटली पांघरुणात घेऊन झोपावं लागतं. संडास कोरडा, वर माती लोटायची; आधीच सांगून ठेवतो, मग कुरकूर नको. चांगली दुर्बीण मात्र आण, माझी तुला मिळणार नाही.

आणि आमा-लेंकडेच उतरू असा हट्ट धरू नकोस. गावात पाळी असते, ज्या घराची असेल तिथे जायचं.

तुझा,
अव्या