अंतरपाट खाली, फोकस काकांच्या मोबाइलवर

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘लग्नात फोटोवाले पाहुण्यांच्या तोंडासमोर उभे राहतात आणि एवढं करून फोटो धूसरच येतात’ अशी तक्रार आपल्या पत्रव्यवहारात वाचली. नागपुरात बावीस वर्षं लग्नाच्या ऑर्डरी करतोय, म्हणून लिहितो. पहिली अर्धी तक्रार मान्य; पाठ आमचीच असते. दुसरीबद्दल थोडं सांगायचंय.

गेल्या उन्हाळ्यात कोराडी रोडच्या एका लॉनवर गोरज मुहूर्त होता. मी नुकताच निकॉनवरून सोनीवर आलेलो. कंटिन्युअस फोकसमध्ये, म्हणजे कॅमेरा हलत्या माणसामागे फोकस सतत फिरवत राहतो तेव्हा, समोरून काही आडवं गेलं तर कॅमेऱ्याने किती दम धरायचा, याचा १ ते ५ असा आकडा असतो. निकॉनमध्ये ५ म्हणजे दम धर, सोनीत ५ म्हणजे लगेच झेप घे. मी जुन्या सवयीने ५ ठेवून मोकळा झालो. चूक माझी, मेन्यू वाचला नाही. पहिल्या ‘सावधान’ला फोकस अक्षतांवर. मग अंतरपाटावरच्या कुंकवाच्या स्वस्तिकावर. ‘तदेव लग्नं’ झालं, अंतरपाट खाली आला आणि नवरीच्या काकांनी नेमका मोबाइल उंच धरला. कॅमेरा चेहरा शोधत होता, त्याला तो स्क्रीनवर सापडला. रात्री घरी बघतो तर मोबाइलमधली नवरी कोरीव, नथीचा मोतीन्‌मोती मोजता येईल अशी. मागची खरी नवरी धुक्यात.

८५ मिलिमीटरची लेन्स १.८ वर (आकडा लहान, तितकं छिद्र मोठं) उघडली आणि नवरी दोन मीटरवर असली, तर फुलफ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात जेमतेम सहा सेंटिमीटरची खोली स्पष्ट येते. डोळा धरला की कान सुटतो. ४ वर गेलं तर दुपटीहून जास्त मिळते, पण तेवढा उजेड कुठे? स्टेजवर साधा पांढरा दिवा नावाला आणि निळ्या-जांभळ्या शार्पी (झोत फिरवणारे दिवे) डझनभर, वर धूर. त्या रंगात न्हालेल्या चेहऱ्यावर ऑटोफोकसला पकडायला धड कडा सापडत नाही.

धंद्यातल्या पोरांना माझं सांगणं असं : शटरच्या बटणावरचा फोकस काढून मागच्या एएफ-ऑन बटणावर घ्या; मग अंगठा दाबलेला असेल तेवढाच वेळ कॅमेरा फोकस शोधतो. अंतरपाट धरला की नवरीच्या बाजूला सरका, तिच्या डोळ्यावर फोकस घ्या आणि अंगठा उचला. मग अक्षता उडोत की कापड पडो, फोकस हलत नाही. मुंडावळ्यांच्या सरी डोळ्यांवर आल्या की आय-एएफ (आपोआप डोळा शोधणारा फोकस) गोंधळतो, तिथे एकच लहान पॉइंट बरा. हाराच्या वेळी मित्रमंडळी नवरदेवाला उचलणारच. तेव्हा अंगठा दाबूनच ठेवायचा, म्हणजे फोकस त्याच्यामागे फिरतो.

यजमानांनी एवढं करावं : अंतरपाटापासून हार पडेपर्यंत शार्पी बंद, पांढरा दिवा चालू. लेझर तर नकोच, थेट लेन्समध्ये शिरला तर सेन्सर कायमचा जातो. आणि पाहुण्यांनी तेवढी चार मिनिटं मोबाइल छातीच्या वर नेऊ नये.

त्या लग्नाचं म्हणाल, तर काकांचा फोटो स्वच्छ आला होता. मोबाइलचा सेन्सर नखाएवढा, त्यात पुढचं-मागचं सगळंच स्पष्ट येतं. तो मागून घेऊन अल्बममध्ये लावला. पाठवताना काका म्हणाले, ‘‘तुमच्या एवढ्या मोठ्या कॅमेऱ्यात नाही आला का बाप्पा?’’

— एक लग्नवाला फोटोग्राफर, महाल, नागपूर