आमच्या गावाचा आराखडा तहकूब सभेत मंजूर करू नका : ग्रामविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. ग्रामविकास व पंचायत राज मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : ग्रामपंचायत विकास आराखडा तहकूब ग्रामसभेत मंजूर करण्यास मनाई करणेबाबत.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

विषय अर्जाच्या भाषेत लिहिला, कारण त्याशिवाय टपाल पुढच्या टेबलावर जात नाही. बाकीचं बोलते तसंच लिहिते.

ग्रामसभेला गणपूर्ती लागते. गावातल्या एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यांतला जो आकडा लहान असेल तो. तेवढी माणसं जमली नाहीत की सभा तहकूब होते आणि पुढची तारीख पडते. त्या पुढच्या सभेला मात्र गणपूर्तीची अटच नाही. सरपंच, भाऊसाहेब, शिपाई आणि टाकीचं पाणी सोडणारा एवढेच बसले तरी ती दोन-तीन हजार मतदारांची कायदेशीर ग्रामसभा ठरते. (भाऊसाहेब म्हणजे ग्रामसेवक. शासनाने २०२४ मध्ये पदाचं नाव 'ग्रामपंचायत अधिकारी' केलं, गावासाठी ते भाऊसाहेबच आहेत.) गावात वर्षभर कुठली कामं होणार, कुठल्या वस्तीत होणार, कशाला पैसा लागणार हे ठरवणारा आराखडा अशा सभेत पाच मिनिटांत मंजूर होतो. तो तसा होऊ नये, एवढीच माझी मागणी आहे.

आमच्याकडे काय चालतं ते सांगते. सभेची सूचना ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागते. फळा गावठाणात, आम्ही राहतो ओढ्यापलीकडच्या वस्तीवर. वेळ सकाळी दहा-अकराची. त्या वेळी बाया खुरपणीला नाहीतर कांद्याच्या लागणीला गेलेल्या असतात, आणि सभेसाठी अर्ध्या दिवसाची मजुरी कोण सोडेल? १५ ऑगस्टची सभा तर झेंडावंदनाला जोडूनच. पोरांना खाऊ वाटला, पाहुण्यांचे फोटो झाले की पांगापांग. माणसं मोजली, भरत नाहीत, सभा तहकूब. पुढची कधी झाली ते आमच्या वस्तीला आजवर कळलेलं नाही.

मग शिपाई वही घेऊन निघतो. तहकूब सभेला सह्यांची गरज नसते, तरी कागद भरलेला दिसावा म्हणून. गिरणीत दळण टाकायला आलेल्या बाईपुढे वही येते, डेअरीवर दूध घालताना येते, रेशनच्या रांगेत येते. "मावशी, इथं एक सही." कशाची रे? "मीटिंगची." हातात पिशवी असते, मागे माणसं खोळंबलेली असतात, सही होते.

ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी आणि त्यांचं म्हणणं ग्रामसभेपुढे ठेवावं, असं कायदा सांगतो. मी बचत गटाची सचिव आहे. आमची महिला सभा गटाच्या हप्त्याच्या दिवशी 'होते'. हप्ता भरायचा, त्याच टेबलावर दुसऱ्या वहीत सही करायची आणि घरी जायचं. आराखडा हा शब्द त्या टेबलाशी मी कधी ऐकलेला नाही.

आराखडा शेवटी मी फोनवर पाहिला. केंद्र सरकारच्या ई-ग्रामस्वराज पोर्टलवर कुठल्याही ग्रामपंचायतीचा आराखडा उघडता येतो. ही सोय खरंच चांगली आहे, त्याबद्दल आभार. उघडला तर काय, पेव्हर ब्लॉक, गटार, हायमास्ट दिवा, पुन्हा पेव्हर ब्लॉक. देवळापुढची फरशी चांगली असताना तिच्यावर परत खर्च. ओढ्यावर हव्या असलेल्या साकवाचं, म्हणजे छोट्या पुलाचं, नाव कुठेही नाही. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की आमची पोरं शाळेला जात नाहीत आणि सकाळचं दूध डेअरीपर्यंत पोचत नाही. ही गोष्ट वस्तीवरचं शेंबडं पोरही सांगेल, पण वस्तीला विचारलंय कुणी?

साकव बांधायला ग्रामपंचायतीचा निधी पुरणार नाही, हे मला कळतं. पंधराव्या वित्त आयोगाच्या, म्हणजे केंद्राकडून ग्रामपंचायतीला आलेल्या, पैशातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता, तो दुसरीकडे खर्चता येत नव्हता; मोकळा हात उरलेल्या ४० टक्क्यांपुरताच. साकवासाठी जिल्हा परिषदेकडे जावं लागेल. पण हे आम्हाला भर सभेत कुणीतरी तोंडाने सांगायला हवं ना? 'निधी आलाय' एवढंच कानावर येतं. किती आला, कशाला बांधलेला आहे, ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले महिला-बालकल्याणाचे १० टक्के आणि दिव्यांगांचे ५ टक्के कुठे गेले, हे विचारलं की उत्तर ठरलेलं : "हा विषय आजच्या अजेंड्यावर नाही."

या सगळ्यावर तुमचे अधिकारी म्हणतील, लोकच येत नाहीत, आम्ही काय करणार. मग वनहक्क कायद्याचे नियम बघा. तिथे २०१२ च्या दुरुस्तीनंतर ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश तरी बाया लागतात. जंगलातल्या पाड्यांकडून कायदा एवढी हजेरी मागतो. पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी भागासाठीचा वेगळा पंचायत कायदा लागू आहे तिथे, एखाद्या पाड्याला स्वतःची वेगळी ग्रामसभाही मागता येते. आमच्यासारख्या डांबरी रस्त्यालगतच्या गावाला मात्र शंभर माणसांतूनही सूट!

गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) तुम्हाला सांगायला नको. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा सगळ्यांना पाठ आहे. त्या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तेही सगळे सांगतात. मला त्यांचा अभ्यास गट जास्त मोलाचा वाटतो. तिथे ठराव होत नाहीत. लोक बसतात, एखादा विषय धरून चर्चा करतात, बाहेरचा जाणकार असेल तर त्याला प्रश्न विचारतात आणि उठतात. निर्णय नंतर ग्रामसभेत, सर्वांच्या सहमतीने. आमच्याकडे चर्चेची जागाच नाही, थेट ठराव. 'सूचक अमुक, अनुमोदक तमुक' हे तर सभेच्या आधीच लिहून आणलेलं असतं.

हिवरे बाजारचंही तसंच. सरपंच म्हणून नावाजलेल्या पोपटराव पवारांच्या या गावाला अभ्यास दौरा काढायची आपल्याकडे हौस फार. गाडी जाते, लोक झाडं बघतात, जेवतात, परत येतात. त्या गावात पावसाचं पाणी मोजून त्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो आणि त्यावरून कुठली पिकं घ्यायची, कुठली नाहीत हे ठरतं. परत आलेल्यांपैकी कुणी गावात येऊन निदान पाऊस मोजायला घेतला, असं माझ्या पाहण्यात नाही. दौऱ्याचं बिल मात्र निघतं.

२०१५ मध्ये आपल्याच शासनाने 'आमचं गाव, आमचा विकास' सुरू केलं, तेव्हा शिवार फेरी काढायची, वस्तीवस्तीत बैठका घ्यायच्या, मग आराखडा करायचा, असं ठरलेलं होतं. म्हणजे मी नवीन काहीच मागत नाही. आराखडा ग्रामसभेत येण्याआधी प्रत्येक वस्तीत एक बैठक व्हावी. तिचं इतिवृत्त त्याच रात्री वाचून दाखवावं, मग सह्या घ्याव्यात. कामांची यादी रकमेसकट शाळेच्या भिंतीवर, रेशन दुकानात आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पंधरा दिवस आधी यावी. गेल्या वर्षी मंजूर झालेल्या कामांचं काय झालं, तेही शेजारी लिहावं. आणि सभेला माणसं भरली नाहीत तर वेळ बदलून सभा परत बोलवावी. रिकाम्या खुर्च्यांपुढे आराखडा मंजूर करू नये.

आराखडा रखडेल, निधी अडकेल, ही भीती तुम्हाला घातली जाईल. आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरला सुरू होते आणि नवीन आर्थिक वर्ष उजाडतं १ एप्रिलला. सहा महिन्यांत आमच्या गावाच्या सगळ्या वस्त्यांत बैठका होऊन वर दिवाळी आणि गावची जत्राही निघते.

२०२६ ते २०३१ हा सोळाव्या वित्त आयोगाचा काळ. पाच वर्षांचे पैसे, म्हणजे पाच आराखडे. नियम बदलायला वेळ लागणार असेल तर निदान परिपत्रक २ ऑक्टोबरच्या सभेआधी काढा. त्यात सभेची वेळ संध्याकाळी सातनंतरची टाका, कारण धारा काढून झाल्याशिवाय आमच्या वस्तीवरून कुणी निघणार नाही.

कळावे,
आपली,
ओढ्यापलीकडच्या वस्तीवरची एक मतदार